ऐकू न आलेली शीळ

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा मोटारदुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच दवाखान्यातून मिळालेला दुसरा एक कागदही जोडला आहे. त्यावर एक रेघ आहे. ती डावीकडून निम्म्यापर्यंत सरळ जाते आणि मग कठडा तुटलेल्या रस्त्यासारखी खाली कोसळते. ती रेघ माझ्या कानांची आहे. हे मृत्युपत्र त्या दुसऱ्या कागदामुळे लिहावे लागत आहे.

गेले आठ दिवस मी हादरलेला आहे. हादरलेल्या माणसाने कायदेशीर कागद करू नयेत, असे वकीलसाहेबांचे मत पडले. मी म्हटले, "मागचं मृत्युपत्र मी अगदी शांत डोक्याने केलं होतं, आणि त्यातली एक ओळ धड नाही." त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. वकीलसाहेब बोलायचे टाळतात तेव्हा चष्मा पुसतात. हे मला आधीच समजायला हवे होते. का, ते पुढे येईल.

कलम पहिले. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यातले सातवे कलम मात्र जसेच्या तसे इथे उतरवतो, म्हणजे ते कोणी लिहिले होते हे कोणी विसरणार नाही: "माझ्या मुलीने रविवारच्या मंडळींसमोर, गॅरेजमध्ये उभे राहून, 'त्या दिवशी गाडीत शीळ नव्हती' असे स्पष्ट शब्दांत कबूल केले, तरच गॅरेज तिला मिळावे. अन्यथा ते विकून टाकावे." हे मी लिहिले. पोटच्या पोरीबद्दल, चहा पिता पिता लिहिले, आणि वर वकीलसाहेबांना विचारले, "कडक झालंय ना?"

कलम दुसरे. राहते घर, बँकेतल्या ठेवी आणि घरातले सगळे सामान माझ्या पत्नीला. ठेवी किती आणि कुठे आहेत हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे यादी करत बसत नाही. खिडकीजवळची आरामखुर्चीही तिचीच. त्या खुर्चीत बसून मी तिची निम्मी वाक्ये ऐकलेली नाहीत, हे आता कागदोपत्री सिद्ध झाले आहे. दवाखान्यातून आल्यावर तिला तो कागद दाखवला. ती बराच वेळ रेघेकडे पाहत राहिली. मला वाटले, रडते की काय. मग म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं? मी समजत होते, तुम्ही मुद्दाम करता."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलले की. दहा वर्षं बोलतेय. तेच तर तुम्हाला ऐकू आलं नाही."

कलम तिसरे. गॅरेजच्या वाटणीआधी ते कसे उभे राहिले हे लिहिणे भाग आहे. वकीलसाहेब म्हणतात, अनावश्यक. पण त्याशिवाय माझा गुन्हा किती मोठा आहे ते कळणार नाही.

बावीस वर्षांचा असताना मी एका वर्कशॉपच्या मागच्या अंगणात गाड्या धूत होतो. हातात पाइप आणि पायात फुटके बूट. पत्र्याच्या भिंतीपलीकडे इंजिने सुरू व्हायची, बंद व्हायची. दोन वर्षे मी फक्त ऐकले. एक दिवस भिंतीपलीकडे तीन मिस्त्री एका गाडीत डोकी घालून बसले होते आणि मला राहवेना. आत जाऊन म्हणालो, "मालक, तिसरा सिलिंडर मारत नाहीये." सगळे हसले. मालकही हसला. पण हसत हसत त्याने पाना उचलला आणि उघडून पाहिले. प्लग काळाठिक्कर निघाला. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीच्या आतल्या बाजूला होतो.

पुढचे सगळे त्याच कानांवर उभे राहिले. आधी भाड्याचा गाळा, मग स्वतःची शेड, मग गाड्या वर उचलायचे दोन रॅम्प आणि पाटी. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचे टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आमच्या धंद्यात हे बरेच जण करतात, पण लोक लांबून यायचे ते माझ्याकडे. आडनावाने मला कोणी हाक मारत नाही. सगळ्या धंद्यात मी 'कानवाले'. त्या नावाचा मला किती माज होता ते चौथ्या कलमात दिसेलच.

कलम चौथे. दर रविवारी सकाळी गॅरेजमध्ये मंडळी जमतात. कॅप्टन, म्हणजे निवृत्त वैमानिक. दातवाले, म्हणजे दातांचे डॉक्टर. आणि वकीलसाहेब, ज्यांची गाडी सायकलसुद्धा मागे टाकते, पण ज्यांना वेगाबद्दल ऐकायला फार आवडते. माझी लाल गाडी मध्ये उभी करायची. सहा सिलिंडर, दोन दारे, आणि आतला एकूण एक भाग मी स्वतः बसवलेला. ती सुरू करायची आणि सगळ्यांनी गप्प बसायचे. मग चहा, मग भांडण.

चार वर्षांपूर्वी दातवाल्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली आणि भांडणाला जोर चढला.

"ही गाडी नाही," कॅप्टन म्हणाले, "हा चाकं लावलेला फ्रिज आहे."

"फ्रिज तर फ्रिज. पण सिग्नल सुटला की हा फ्रिज तुमच्या लाल गाडीला मागे टाकतो, त्याचं काय?"

मी म्हणालो, "टाकेल हो. पण कळणार कोणाला? गाडी शेजारून गेली की वळून बघावंसं वाटलं पाहिजे."

"वळून बघेपर्यंत मी पुढच्या सिग्नलला असतो, कानवाले."

"आणि बॅटरीचं वजन? वळणावर ती गाडी म्हशीसारखी बसते."

"सरळ रस्त्यावर बोला ना! वळणाआड काय लपता?"

माझी मुलगी तेव्हा गॅरेजमध्येच होती. इंजिनिअर होऊन नऊ वर्षे माझ्या हाताखाली काम केलेली. ती रॅम्पखालून म्हणाली, "दोन्हीत मजा आहे, काका. एका गाडीला दम लागतो तो ऐकायला मजा येते, आणि दुसरीला दमच लागत नाही याची मजा येते." हे वाक्य मला तेव्हाही आवडले होते. मी तसे म्हणालो नाही.

दातवाल्यांची गाडी रॅम्पवर चढवली आणि चाके फिरवली. मी नेहमीच्या थाटात स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "काही नाही. मेलेली आहे." मंडळी हसली.

मुलगी हसली नाही. तिने मान एका बाजूला कलती केली. मान तशी कलती करायला मीच तिला शिकवले होते. म्हणाली, "बाबा, मागच्या मोटरमध्ये शीळ आहे. बारीक आहे आणि वेगाबरोबर वर चढतेय. बेअरिंग जायला लागलंय. उघडून बघूया?"

मी कॅप्टनकडे पाहिले. ते म्हणाले, "मला नाही ऐकू आली." दातवाले म्हणाले, "मलाही नाही." वकीलसाहेबांनी चष्मा पुसला.

आता पाहा. पस्तीस वर्षे विमानाच्या इंजिनाशेजारी बसलेला एक माणूस, तेवढीच वर्षे दात कोरायच्या यंत्रावर वाकलेला दुसरा, आणि इंजिनाला कान लावून म्हातारा झालेला तिसरा. आमच्या धंद्यांनी ज्यांचे कान खाल्ले, अशा तिघांचे न्यायालय बसले आणि धडधाकट कानाच्या पोरीला खोटे ठरवून मोकळे झाले. त्या दिवशी मजा वाटली होती.

मी म्हणालो, "शीळ तुझ्या डोक्यात आहे."

"बाबा, फक्त उघडून बघा."

"या छपराखाली जे मला ऐकू येत नाही, ते नसतं."

तिने कमरेचे लाल फडके काढले, हात पुसले. दाराशी आमच्या गॅरेजमधले मोठे मिस्त्री उभे होते. ते फडके त्यांच्या हातात दिले, त्यांना हळू काहीतरी सांगितले आणि गेली. मला वाटले, माझी तक्रार करून गेली. महिनाभरात पुलापलीकडे तिने स्वतःची शेड काढली, फक्त विजेच्या गाड्यांची. चार वर्षे आमचे बोलणे नाही. तिची आई तिच्याकडे जायची. मी गाडीत, बाहेर, काच वर करून बसायचो.

गाड्या धुणाऱ्या परक्या पोराचे ऐकून त्या मालकाने निदान पाना उचलला होता. मी माझ्या मुलीसाठी तेवढेही केले नाही.

कलम पाचवे. मागच्या मृत्युपत्राला डॉक्टरांचा दाखला हवा, म्हणून आठ दिवसांपूर्वी, शुक्रवारी, वकीलसाहेब मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी डोके तपासले, रक्तदाब घेतला. मी उगाच फुशारकी मारली, "बाकी कसंही असू दे, कान मात्र बघण्यासारखे आहेत."

"मग बघूनच टाकू," त्या म्हणाल्या.

काचेच्या खोलीत बसवले आणि कानांवर झापडे लावली. आवाज आला की बटण दाबायचे. घुम्म आले, दाबले. जरा वरचे आले, दाबले. आणखी दोन-तीनदा दाबले. मग सगळे थांबले. मी वाट पाहिली. काचेपलीकडे बाई खाली बघून काहीतरी फिरवत होत्या. शेवटी मी झापडे काढून बाहेर आलो. "बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय. प्लग हलला असेल. थांबा, मी बघतो."

"यंत्र चालू आहे."

"कसं चालू असेल? आतून चकार आवाज नाही."

माझा विश्वास बसावा म्हणून त्यांनी वकीलसाहेबांना आत बसवले. ज्या माणसाला आपल्या गाडीचा हॉर्न कुठला आणि दुसऱ्याचा कुठला हे कळत नाही, त्याने एकामागून एक बटण दाबायला सुरुवात केली. दिवा पेटायचा, विझायचा, पेटायचा. मी काचेला हात टेकून पाहत होतो. पायाखालची फरशी कोणीतरी हळूच ओढून नेत असल्यासारखे वाटत होते.

"धंदा काय तुमचा?" बाईंनी विचारले. मी सांगितले. "इंजिनांनी तुमचे वरचे आवाज खाल्ले. आज नाही, दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. खालचे अजून तरुण माणसासारखे आहेत, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही."

मी विचारले, "आणि शीळ?"

"कसली शीळ?"

"बारीक असते. वर चढत जाणारी."

"ती नाही येणार तुम्हाला."

बाहेर गाडीपाशी आल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "कानवाले, एक सांगायचं होतं. त्या रविवारी ती शीळ मला आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही कॅप्टनला विचारलंत, दातवाल्यांना विचारलंत. आणि गाड्यांतलं मला काय कळतं? म्हटलं, विजेच्या गाड्या तसल्या शिट्या वाजवतच असतील."

मी त्यांना तिथेच सोडून चालत घरी आलो. तरी हे मृत्युपत्र त्यांच्याकडूनच तपासून घेतले आहे, कारण दुसरा वकील ओळखीचा नाही. माझी ती चांदीच्या मुठीची काठी मी त्यांना देणार होतो. आता देत नाही. त्यांना चष्मा पुसायचे एक डझन रुमाल द्यावेत.

कलम सहावे. हे सगळ्यात जड आहे.

मला वाटले होते, दवाखान्यातला धक्का शेवटचा. पण घरी आल्यावर एक हिशेब जुळेना. दहा वर्षे जर मला बारीक आवाज येत नव्हते, तर गेल्या पावसाळ्यात कॅप्टनच्या गाडीतले चिरचिरणारे बेअरिंग मी पकडले ते कसे? टर्बोची शिट्टी, पट्ट्याची किरकिर, नळीतून हवा सुटायची बारीक सूं? गेल्या चार वर्षांत मी असे शंभर दोष सांगितले असतील आणि सगळे बरोबर निघाले. म्हणजे दवाखाना चुकला! सकाळी उठून मी जवळजवळ पळतच गॅरेजमध्ये गेलो.

मोठे मिस्त्री तीस वर्षे माझ्याबरोबर आहेत. बोलतात कमी. त्यांना सगळे सांगितले आणि म्हणालो, "तुम्हीच सांगा. कॅप्टनच्या गाडीचं मी पकडलं की नाही?"

त्यांनी खाली पाहिले. हातात लाल फडके होते. ते घडी घालू लागले, उलगडू लागले, पुन्हा घडी घालू लागले.

"मिस्त्री?"

"मालक, फडकं," ते म्हणाले.

मला आधी समजले नाही. मग समजले, आणि मी तिथेच टायरवर बसलो. बॉनेट उघडले की दरवेळी आत कुठेतरी ते लाल फडके पडलेले असायचे. मला वाटायचे, मिस्त्रींनी जागा पुसून ठेवली आहे. मी आपला पुसलेल्या जागेवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचो, डोळे मिटायचो आणि बोलायचो. खालची धडधड असेल तर माझ्या कानांना खरेच यायची. नसेल, तर फडके ज्यावर पडले असेल त्याचे नाव मी घ्यायचो, आणि ते मी ऐकले असे मला मनापासून वाटायचे. खोटे बोललो नाही हो. मला खरोखर वाटायचे.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"ताईंनी. गेल्या त्याच दिवशी. म्हणाल्या, बाबांना वरचं येत नाही. त्यांना कळू देऊ नका, पण गाडीही चुकीची बाहेर जाऊ देऊ नका. जिथे आवाज असेल तिथे हे टाकत जा." मग म्हणाले, "अडलं की मी फोन इंजिनाजवळ धरतो. त्या पलीकडून ऐकून सांगतात."

म्हणजे ज्या पोरीला मी हाकलले, तिच्या कानांवर माझी पाटी चार वर्षे उभी होती. आणि मी दर रविवारी चहाचा कप हातात धरून तिच्या शिळेवर विनोद करत होतो. मिस्त्री तिथेच उभे असायचे.

मिस्त्रींना माझी सगळी हत्यारे, पान्यांचे तिन्ही संच आणि मागची खोली हयातभर राहायला. त्यांच्यावर माझा राग नाही. एका दिवसापुरता होता.

कलम सातवे. जुनी भांडणे. दातवाल्यांना माझ्याकडून काही मिळणार नाही, कारण त्यांनीही चार वर्षे तोंड उघडले नाही. दुसऱ्यांना उघडायला लावतात. त्या रविवारनंतर तीनच दिवसांत ते गुपचूप मुलीकडे गेले होते. तिने मोटर उघडली आणि बेअरिंग बदलून दिले. हे मला गेल्या सोमवारी कळले. मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीत बसलो. त्यांना वाटले, कवळी दुखतेय. मी कानांचे आणि शिळेचे सांगितले ते ऐकून त्यांनी खण उघडला. दातांच्या साच्यांशेजारी ते जुने बेअरिंग कागदात गुंडाळून ठेवले होते. "टाकवेना," म्हणाले. मी ते बोटावर घेऊन फिरवले. एका फेरीत खरखर लागली. कानाने नाकारलेली गोष्ट बोटाने लगेच मान्य केली.

"मला तिच्याकडे घेऊन चला," मी म्हणालो. "तुमच्या फ्रिजमधून."

चार वर्षांत मी त्या गाडीत पहिल्यांदा बसलो. पुलावर रस्ता मोकळा मिळाला आणि दातवाल्यांना चेव आला. गिअर नाही, गुरगुर नाही, आधी कसली चाहूल नाही. डोके मागच्या उशीवर आपटले, पोट मागे राहिले आणि वरची कवळी निसटून जिभेवर आली. लाल गाडीत वेग येतो तो आधी कळवून येतो, पाहुण्यासारखा. हा वेग आला तो थेट घरात घुसला. मी तोंडावर हात धरला. दातवाले म्हणाले, "घाबरू नका, कवळी माझ्या हातची आहे." माझी लाल गाडी सुटतानाच मार खाईल, यात शंका राहिली नाही. वळणावर आणि मनात ती अजून पुढे आहे. हे माझे शेवटचे मत. रविवारी यावर मंडळींनी माझ्या माघारी भांडावे.

कॅप्टनना माझी जुनी नियतकालिके आणि त्याच डॉक्टरबाईंचा पत्ता.

कलम आठवे. लाल गाडी मुलीला. तिचे इंजिन काढून बॅटरी बसवू नये, अशी अट मागच्या मृत्युपत्रात होती. ती अट काढून टाकतो. मुलीला वाटले तर ठेवावे, नाही वाटले तर काढावे. एवढेच सांगतो, की थंडीत सुरू केल्यावर दोन मिनिटे थांबावे. आणि डाव्या बाजूला टकटक वाटली तर घाबरू नये, ती वॉल्व्हची आहे, मला अजून स्वच्छ ऐकू येते.

कलम नववे. गॅरेज, दोन्ही रॅम्प, जागा आणि पाटी मुलीला, कोणत्याही अटीशिवाय.

हे कलम एवढेच असणार होते. वकीलसाहेब म्हणाले, "माफीही यातच लिहा, छान होईल." मी म्हटले, "हा कागद उघडणार कधी?" म्हणाले, "तुमच्यानंतर." म्हणजे मी तिला सगळ्यांसमोर खोटे पाडणार आणि माफी मेल्यावर पाकिटातून पाठवणार! म्हणून सोमवारी बेअरिंग खिशात घालून गेलो होतो.

ती गाडीखाली होती. पाय दिसत होते. बूट माझ्यासारखेच, बाहेरून झिजलेले. मी म्हणालो, "बाहेर ये जरा." ती सरकत बाहेर आली, मला पाहिले आणि तशीच पडून राहिली, हातात पाना धरून.

मी बेअरिंग तिच्या पोटावर ठेवले. येताना वाटेत पाठ केलेले सगळे विसरलो. म्हणालो, "शीळ होती."

ती उठून बसली. तिने बेअरिंग बोटावर फिरवून पाहिले. पहिले वाक्य बोलली ते असे, "फडक्याचं मिस्त्रींनी सांगितलं ना? एक गोष्ट सांगितली होती त्यांना, एक."

"का केलंस ते? मी असं वागल्यावर?"

"लोकांच्या गाड्या होत्या, बाबा. आत माणसं बसतात." मग बेअरिंगकडे बघत म्हणाली, "आणि पाटीवर आडनाव आहे ते माझंपण आहे."

मी सांगितले, की माझ्यानंतर गॅरेज तुझे. ती एकदम भडकली. "तुमच्यानंतर? मग मी काय करू, वाट बघत बसू? माझ्या रॅम्पला मोठ्या बॅटरीच्या नव्या जड गाड्या पेलत नाहीत. मला तुमचा मोठा रॅम्प येत्या सोमवारी पाहिजे."

"मी गेल्यावर..."

"तुम्ही कुठे जाताय? खुर्ची टाकून बसा. पेट्रोलच्या गाड्या अजून वीस वर्षं येणार आहेत आणि त्यांची खालची धडधड मला तुमच्यासारखी येत नाही. खालचे आवाज तुमचे, वरचे माझे." मग पाना माझ्याकडे रोखून म्हणाली, "आणि कानाला यंत्र लावून या. नाहीतर आत घेणार नाही."

"यंत्र लावलं तर लोक मला काय म्हणतील?"

"कानवालेच म्हणतील, बाबा."

दातवाले मागे उभे राहून खो खो हसले. कवळी सावरत मीही हसलो. ती हसली नाही. पण मान तशीच एका बाजूला कलती केली.

म्हणून या कलमात दुरुस्ती करतो: गॅरेज तिला माझ्या मृत्यूनंतर नव्हे, तर येत्या सोमवारपासूनच मिळावे. मृत्युपत्रात असे लिहिता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. त्याचा वेगळा कागद त्यांनी करावा. रुमाल परत घेतले जाणार नाहीत.

कलम दहावे. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हयातीत माझ्याकडे राहील. नंतर त्याला कोणी कान लावू नये. त्याने स्क्रू पिळावेत.

हे शेवटचे कलम मी मुलीच्या शेडमध्ये, दातवाल्यांच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत आहे. कानातले यंत्र उद्या मिळणार आहे. साक्षीला कॅप्टन आणि दातवाले आहेत, दोघेही लाभार्थी म्हणण्यासारखे नाहीत. जुनी मासिके आणि एक पत्ता मिळाल्याने साक्ष बिघडत असेल, तर कॅप्टन दोन्हींवर पाणी सोडायला तयार आहेत. हवेचा कॉम्प्रेसर सुरू आहे आणि वकीलसाहेब सही कुठे करायची ते सांगत आहेत. त्यांचे ओठ हलताना दिसतात. मी दोनदा "काय?" म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार, एवढ्यात मुलगी आली आणि तिने कागदावर, रिकाम्या जागेच्या शेजारी, लाल फडके ठेवले. वकीलसाहेब ओरडले, तेवढे मात्र ऐकू आले: "लाभार्थीने कागदाला हात लावायचा नाही!" तिने हात वर केले. हात फडक्याला लागला होता, कागदाला नाही.

फडके आहे तिथेच आहे. या वेळी मी ते आधी पाहिले आहे, आणि कोणी ठेवले ते मला माहीत आहे. त्याच्या शेजारी सही करतो.

(सही) कानवाले

साक्षीदार: १. कॅप्टन, निवृत्त वैमानिक. मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. बहुतेक सगळा ऐकू आला.
२. दातांचे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. गाडीच्या बॉनेटवर पेनाचा ओरखडा उठला आहे, त्याची तक्रार नाही.

ठिकाण: मुलीची शेड, पुलापलीकडे.
दिनांक: शनिवार, दवाखान्यातून आल्यानंतरचा आठवा दिवस, सकाळी सव्वादहा.